नऊ नंबरचे बूट

आमच्या काकांचा पाय सात नंबरचा. फौजेने त्यांना बूट दिले नऊ नंबरचे. बदलून मागायला गेले तर स्टोअरमधला हवालदार म्हणाला, "पहन लो, पैर बढ़ जायेगा." तेवीस वर्षांच्या फिटरचा पाय कसला वाढतोय! मग काका बुटांच्या टोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून परेड करायचे. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितलीय की घरातली पोरं हवालदाराचं वाक्य त्यांच्या आधीच म्हणून मोकळी होतात. याच बुटांची आणखी एक गोष्ट आहे. ती काका सांगत नाहीत. ती मला काकूने सांगितली, तीसुद्धा काका बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलेले असताना.

काका कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि शिवाय टेरिटोरियलमध्ये होते. यातला 'शिवाय' महत्त्वाचा. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपली प्रादेशिक सेना, हा पोटापाण्याचा धंदाच नाही. भरती व्हायचं तर आधी दुसरी नोकरी किंवा उद्योग हवा, ही तिथली पहिली अट. कायदा १९४८चा. ९ ऑक्टोबर १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते ती सुरू झाली. वय १८ ते ४२. एरवी आपलं काम करायचं, वर्षातून ठरलेले दिवस कॅम्पला जायचं, आणि बोलावणं आलं की हातातला पाना खाली ठेवून निघायचं. परतल्यावर मालकाने कामावर परत घ्यायचं, हेही कायद्यात लिहून ठेवलंय. रेल्वेची आणि तेल कंपन्यांची तर स्वतंत्र युनिटं होती, कारण इंजिन चालवणारा किंवा रिफायनरीचे व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस काही रातोरात तयार होत नाही.

काकांनी देशभक्तीच्या उमाळ्याने नाव दिलं असं कुणी म्हटलं तर ते स्वतःच हसतात. १९७२ साली फोरमनने यादी फिरवली. शेडमधल्या चौघांनी सह्या केल्या. कॅम्पचा भत्ता वेगळा मिळतो आणि मेसमध्ये आठवड्यातून दोनदा मटण असतं हे कळल्यावर पाचवी सही काकांची पडली. कॅम्प झाशीला. महिनाभर कवायत, रायफल, रूळ उखडले तर कसे जोडायचे, डबा घसरला तर कसा उचलायचा. काका म्हणतात, "डबा उचलायचं आम्हीच त्यांना शिकवलं. त्यांनी आम्हाला फक्त वेळेवर उठायला शिकवलं."

हल्ली टेरिटोरियल म्हटलं की लोकांना धोनी आठवतो, जरा जुन्या लोकांना कपिल देव. २०२४ला वायनाडला दरड कोसळली तेव्हा मोहनलाल गणवेश घालून तिथे गेले होते, ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले. ते ज्या १२२ बटालियनचे मानद लेफ्टनंट कर्नल आहेत, तिचे जवान त्याआधीच चिखलात उतरलेले होते. त्यांचे फोटो कुणी पाठवले नाहीत. माझी काही तक्रार नाही. धोनीला पाहून चार पोरं चौकशी करत असतील तर बरंच आहे. पण माझ्या डोक्यातला टेरिटोरियलवाला म्हणजे कळव्याच्या बाल्कनीत बनियनवर बसून लसूण सोलणारा माणूस.

आता १९७४.

८ मे ते २७ मे, वीस दिवस रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. बोनस हवा होता आणि इंजिनावरच्या लोकांना आठ तासांची ड्यूटी हवी होती. सतरा लाख लोकांचा संप म्हणतात. सरकारने तो मोडायचं ठरवलं, हजारोंना आत टाकलं, क्वार्टर्स खाली करायच्या नोटिसा निघाल्या आणि रेल्वेतल्या टेरिटोरियलवाल्यांना गणवेशात बोलावून घेतलं.

सरकारी भाषेत याला म्हणतात 'नागरी प्रशासनाला मदत'. आपण हे शब्द ऐकले की डोळ्यासमोर पूर येतो, होडी येते, आजीबाईला पाठीवर घेतलेला जवान येतो. पण यादीत पूर एकटा नाही. कायदा आणि सुव्यवस्था आहे, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं आहे, नैसर्गिक आपत्ती आहे आणि शेवटी 'इतर' आहे, ज्यात काहीही बसतं. संप दुसऱ्या खान्यात बसला. म्हणजे कालपर्यंत शेडमध्ये ज्यांच्या डब्यातली चटणी खाल्ली, त्यांची जागा चालवायला काकांना पाठवलं गेलं. तेही फौजेचा हुकूम म्हणून. नाही म्हणायची सोय नाही. संपावरच्या कामगाराची नोकरी जाते. हुकूम मोडणाऱ्या सैनिकाचं काय होतं ते कॅम्पमध्ये पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवलेलं असतं.

काका तेव्हा कल्याणच्या रेल्वे कॉलनीत राहायचे. लग्नाला वर्ष झालेलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ड्रायव्हर, काकांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. काकू त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायची. दोन घरांत एक नळ. नव्या नवरीला कोळशाची शेगडी धरायला वहिनींनी शिकवलेलं, भाकरी पाण्याची कशी करायची तेही. संप लागला आणि ड्रायव्हर घरातून गायब झाले. अटक टाळायला मुरबाडकडे कुणा नातेवाइकाच्या शेतावर जाऊन राहिले. वहिनी दोन पोरांना घेऊन दार लावून बसायच्या.

काका रोज कुठे जातात हे कॉलनीत सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी अंधार पडल्यावर फौजी बुटांचा आवाज फरशीवर येतो तो काही लपत नाही. खिळे मारलेले बूट, त्यात दोन नंबर मोठे. टक् आणि मग घसटल्यासारखा आवाज. काकू म्हणाली, तो आवाज यायला लागला की एकेका खिडकीतला दिवा जायचा. शिव्या कुणी दिल्या नाहीत, दगडही कुणी मारला नाही. नुसते दिवे जायचे.

चौथ्या दिवसापासून काका कॉलनीच्या फाटकाशी बूट काढायला लागले. दोन्ही बूट एका हातात, नाडीला नाडी बांधून, आणि अनवाणी घरी. मे महिना. डांबर रात्री आठलाही गरम असतं. काकू घरात तांब्या घेऊन बसलेली असायची, तळव्यांवर पाणी घालायला. एका रात्री आले तर शेजारच्या दारावर नोटीस चिकटवलेली, खळ अजून ओली. काका बूट हातात घेऊन त्या दारापुढे उभे राहिले. वाचली. आतून वहिनींनी विचारलं, "कोण आहे?" काका काही न बोलता आपल्या दारात शिरले. "मी म्हटलं, अहो नाव तरी सांगायचं होतं," काकू म्हणाली. "तर म्हणाले, नाव सांगितलं असतं तर काय ओवाळायला आल्या असत्या?"

एकदाच मी काकांना सरळ विचारलं होतं, काय काम केलंत तेव्हा. ते म्हणाले, "चोळ्याला कोळसा." ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाउस आता बंद पडून कित्येक वर्षं झाली. रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं ते, उल्हास नदीकाठी, कोळशावर चालणारं. "तो बंद पडला असता तर हॉस्पिटलात जाणारी गाडीसुद्धा धावली नसती," ते म्हणाले. मी गप्प बसलो. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी तयार केलेलं नव्हतं, फार आधी कुणासाठी तरी केलेलं होतं आणि बहुतेक कधी वापरलं गेलं नव्हतं.

शेजारच्या ड्रायव्हरांची नोकरी गेली. १९७७ला जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. ते ड्रायव्हरही परत आले, त्याच शेडमध्ये. पुढे दहा-बारा वर्षं काका त्यांच्या इंजिनाचे ब्रेक ब्लॉक बदलत होते. "ब्लॉक झिजलाय." "बघतो." एवढंच बोलणं. मग त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, कळव्याच्या पत्त्यावर, पोस्टाने. पाकिटावर नाव फक्त काकूचं. मराठी घरात लग्नाची पत्रिका नुसत्या बाईच्या नावाने येत नाही हो! काकू गेली, आहेर देऊन आली. काका त्या दिवशी ड्यूटी बदलून शेडमध्ये बसले.

मला या सगळ्यात एक गोष्ट कायम खटकत राहते. रणगाड्याबरोबर येणारा जवान काम संपलं की ट्रकमध्ये बसून निघून जातो. त्याला इथल्या लोकांचं तोंड पुन्हा पाहायचं नसतं. टेरिटोरियलवाला, होमगार्ड, नागरी संरक्षण दलाचा स्वयंसेवक यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळावर जायचं असतं.

मात्र त्याच नळामुळे २००५ साली आमच्या गल्लीत कुणी बुडालं नाही.

२६ जुलैला मी विक्रोळीत कंपनीतच अडकलो होतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की खालच्या मजल्यावरची झेरॉक्सची मशीन तरंगतेय. सत्तावीसला सकाळी रुळांवरून चालत निघालो. भांडुप, मुलुंड, ठाणे. कळव्याच्या पुलावर आलो तर खाडी नेहमीच्या जागी नव्हती, ती मनाला येईल तिथे होती. आमच्या इमारतीखाली नाल्याला लागून चाळ आहे, बत्तीस खोल्यांची. तिथे पोचलो तेव्हा काका चाळीच्या तोंडाशी कंबरभर पाण्यात उभे, गळ्यात गार्डची शिट्टी, हातात मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. छप्पन्न वर्षांचे होते. विजेच्या खांबापासून आमच्या जिन्यापर्यंत दोर ताणलेला. दोर मंडपवाल्याच्या गोदामातला, गणपतीसाठी आणून ठेवलेला.

पुठ्ठ्यावर बत्तीस आकडे होते आणि प्रत्येकापुढे काहीतरी खरडलेलं. 'सात – म्हातारी, ऐकू येत नाही.' 'अकरा – साखर, इंजेक्शन फ्रिजमध्ये.' 'एकोणीस – नवरा रात्रपाळी, बाई एकटी, आठवा महिना.' 'चोवीस – कुलूप, गावी गेलेत.' चोवीसवर त्यांनी काट मारलेली होती आणि नंतर ती काट खोडून पुन्हा प्रश्नचिन्ह केलेलं होतं, कारण कुणीतरी म्हणालं की थोरला मुलगा परवा परत आलाय. पोरं कुलूप तोडून आत गेली. खरंच आलेला होता. पत्र्याच्या कपाटावर चढून बसला होता, मागच्या दाराने आत गेलेला. अशी माहिती कुठल्या कंट्रोल रूममध्ये असते?

दोराची गाठ त्यांनी मला नंतर दाखवली. ती छातीभोवती बांधली की माणूस कितीही ओढला तरी आवळत नाही आणि भार निघाला की एका हाताने सुटते. झाशीला शिकलेले. माझी बोटं अजून ती गाठ विसरतात.

हे वाचून तुम्हाला वाटेल, काका म्हणजे देवमाणूस. तसं काही नाही. त्या दिवशी त्यांनी गल्लीला पार कॅम्प करून टाकलं होतं. बायाबापड्यांना हिंदीतून ओरडत होते. सिलिंडर आणायला परत खोलीत शिरलेल्या एका पोराच्या त्यांनी सणसणीत थोबाडीत दिली. तो पोरगा आता स्वतः प्लंबर आहे, होमगार्डमध्ये आहे, विसर्जनाला खाकी घालून तलावपाळीवर उभा असतो, आणि आजही आमच्या घरचा नळ दुरुस्त करायला आला की पैसे काकूच्या हातात मागतो.

आमच्या गल्लीत फौज आली नाही. लष्कर, नौदल, वायुदल तेव्हा महाराष्ट्रभर उतरलं होतं, जिथे खरोखर गरज होती तिथे. काकांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. "फौजेला शेवटी बोलवायचं आणि पहिल्यांदा परत पाठवायचं," असं त्यांचं म्हणणं. नियमही तसाच आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी आधी आपल्याकडचं सगळं वापरायचं आणि पुरलं नाही की लष्कराकडे मागणी करायची. त्या पुरानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, २००६ला एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, उभं राहिलं, आपल्या भागासाठी त्यांची तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. पुढे ठाणे महापालिकेने तसंच स्वतःचं दल काढलं, टीडीआरएफ. २०२३ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ठाण्याची पोरं तो डोंगर चढून गेली.

आणि तरीही फौजेला उठसूट हाक मारायची आपली खोड जात नाही. २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली आणि पादचारी पूल बांधायला लष्कर बोलावलं. बॉम्बे सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी, एल्फिन्स्टन, करी रोड आणि आमच्या इकडे आंबिवलीला पूल उभे केले, फेब्रुवारी २०१८ला ते खुले झाले. काका मुद्दाम लोकलने आंबिवलीला गेले, पुलावरून दोनदा इकडून तिकडे चालले, कठड्याचे नटबोल्ट हाताने चाचपून पाहिले. परत आल्यावर म्हणाले, "पूल चांगला आहे. पण रेल्वेकडे काय इंजिनिअर नाहीत का?" जेवताना पुन्हा तेच. "फौज संपली तर कोणाला बोलवणार आहेत, रामाला?" एवढ्या रागावलेल्या काकांना मी फार वेळा पाहिलेलं नाही. सॅपर्सचा त्यांना अभिमानच आहे. चीड होती ती आपल्या जुन्या खात्यावर.

पुढच्याच वर्षी, २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली. सुमारे १०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बाया. नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टरं आली, एनडीआरएफच्या होड्या आल्या. काका दिवसभर टीव्हीसमोर. मधेच बातमीत चामटोलीचे गावकरी दिसले, चिखलातून प्रवाशांना हाताला धरून आणणारे. काका म्हणाले, "हे बघ. यांच्याकडे पुठ्ठा आहे."

२०२१च्या जुलैत आमच्याच कळव्यात घोलाईनगरला डोंगर घरावर आला. एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. त्या दिवशी काकांनी टीव्ही लावला नाही. तिथला उतार त्यांनी पाहिलेला होता. पारसिकच्या डोंगराच्या अंगावर वर वर चढत गेलेल्या त्या खोल्या, मागे मुरमाची उघडी भिंत. तिथे पुठ्ठा काय आणि दोर काय.

२०२५च्या मे महिन्यात, सात तारखेला देशभर मॉक ड्रिल झालं. दोन दिवसांनी बातमी आली, टेरिटोरियलवाल्यांना गरजेप्रमाणे बोलावून घेण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिलेत, बत्तीसपैकी चौदा बटालियन. काका तेव्हा शहात्तर वर्षांचे. चष्मा लावून बातमी दोनदा वाचली. मग मला म्हणाले, "माझा नंबर लागतो का रे, बघ जरा मोबाइलवर." गंमत करत होते की खरंच विचारत होते ते मला कळलं नाही. काकू आतून म्हणाली, "आधी कोथिंबीर आणा."

त्यांच्या नातीचा, म्हणजे माझ्या चुलत भावाच्या मुलीचा नंबर मात्र लागला आहे. 'आपदा मित्र' म्हणून केंद्राची योजना आहे, साध्या नागरिकांना बारा दिवस शिकवतात: पाण्यातून माणूस कसा काढायचा, छातीवर दाब कसा द्यायचा, दोर कसा बांधायचा. ती कॉलेजातून गेली. शेवटच्या दिवशी किट घेऊन घरी आली आणि सगळं पलंगावर मांडून बसली. लाइफ जॅकेट, हेल्मेट, बॅटरी, शिट्टी. काकांनी एकेक वस्तू हातात घेतली, वजन पाहिलं. दोराची गाठ तिने बांधून दाखवली, तीच गाठ, फक्त तिला तिचं इंग्रजी नावही माहीत होतं. काकांनी ओढून पाहिली आणि मान हलवली.

मी म्हटलं, "काका, हिला काही सांगा. तुमचा अनुभव."

ते बराच वेळ जॅकेटचे पट्टे लांब-आखूड करत राहिले. मग नातीला म्हणाले, "उद्या तुला कुठेही पाठवतील. पूर असेलच असं नाही. लोक ओळखीचे असतील." ती म्हणाली, "हो आजोबा, ओळखीचे असले तर बरंच ना." यावर काका काही बोलले नाहीत. किटच्या तळाशी गमबूट होते, ते त्यांनी बाहेर काढले. उलटे करून तळवा पाहिला.

"तुझा पाय किती नंबर?"

"पाच."

"आणि हे?"

"आठ आहेत बहुतेक. एकच साइज आली होती आजोबा. सगळ्यांना तीच दिली."

काका उठले आणि बाल्कनीत रद्दी ठेवलेली असते तिकडे गेले.